पेन्सिलीने भरलेला रकाना

रविवार, दुपार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं, सोबतचा फोटोही. उत्तर लिहायला मी पाच दिवस घेतले. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर टाकणारा माणूस मी, तेव्हा एव्हाना तू मनात काहीबाही आणलं असशील. दादा आजारी पडला, दादा रागावला, दादा जिन्यावरून पडला. तसलं काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे आणि माझा डावा कान पूर्वीसारखाच शोभेपुरता आहे. फक्त एक ऐक. हे पत्र गिऱ्हाईक सांभाळत वाचू नकोस. दुपारी लॉन्ड्रीचं शटर अर्धं ओढतेस ना, तेव्हा वाच, आणि त्या उंच स्टुलावर नको, पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बस. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नकोस. फोन मी काल केलाच होता. तुझी मशीन धडधडत होती, मी एका कानानं ऐकत होतो, आणि दहा मिनिटं आपण पडद्याच्या कापडाबद्दल ओरडून बोललो. मला पडदे घ्यायचे नाहीत, भिंगरे. मला दुसरंच सांगायचं होतं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

उगाच ताटकळत ठेवत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची जी तपासणी आधी लिहिली आणि मग खोडली, ती तू करून घे. याच आठवड्यात. का, ते सांगायला मला थोडी जागा लागणार आहे, कारण त्यात माझा दोष आहे आणि आपला दोष सांगताना माणूस फार पाल्हाळ लावतो. तू सहन कर. लहानपणी तुझी भूमितीची प्रमेयं मी सहन केली आहेत.

तुझं पत्र समोर उघडून ठेवलंय. किती खुशीत लिहिलंयस. भाचीला गाडी चालवायचा परवाना मिळाला आणि पहिल्याच दिवशी तिनं दुकानाच्या पायरीला गाडी लावली, म्हणजे अक्षरशः लावली, हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. मेहुण्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग तुझ्या पाठीचं. चार महिने झाले, दुखणं जात नाही, मलमं झाली, पट्टा झाला, आणि तुझं म्हणणं असं की इस्त्रीवालीची पाठ नाही दुखणार तर काय नाक दुखणार? शिवाय थकवा, आणि वर्षात तिसऱ्यांदा झालेली सर्दी. शिंक आली की दोन्ही हातांनी इस्त्रीचं टेबल धरून ठेवतेस, नाहीतर बरगडीत कळ येते, आणि गिऱ्हाइकांना वाटतं बाई टेबल उचलून फेकणार. हे तू विनोद म्हणून लिहिलंयस. मग डॉक्टरीणबाईंचं. त्यांनी कागदावर तपासणी लिहिली, लिहिता लिहिता तुला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, आणि तू म्हणालीस, बंदराकडचे. तेव्हा त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मग आत्ताच नको, तुमच्या लोकांत हे फार क्वचित होतं, आधी व्यायाम करून पाहू. आणि तू वळून पाहिलंस तर तक्त्याच्या खाली माझ्याच कार्यालयाचा शिक्का! त्याचा फोटो काढून पाठवलास आणि मागे लिहिलंस, ‘दादा, तुझ्या तक्त्यानं माझी एक सुई वाचवली. शहाणा आहेस.’

ते ‘शहाणा आहेस’ मी पाच दिवस वाचतो आहे.

मी काय काम करतो हे तुला ढोबळ ठाऊक आहे. कर्करोगाच्या नोंदणी कार्यालयात कारकून, एवढंच तू लोकांना सांगतेस आणि ते बरोबर आहे. पण दिवसभर नेमकं काय करतो ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. या अख्ख्या प्रांतात कुणालाही कर्करोग निघाला की इस्पितळातून एक कागद आमच्याकडे येतो. त्या कागदावरून मी एक कार्ड भरतो. वय, बाई की पुरुष, पत्ता, धंदा, कुठल्या अवयवाचा, कधी कळलं. रक्ताच्या कर्करोगांची सगळी कार्डं एकतीस वर्षं माझ्या टेबलावरून गेली आहेत. नवव्या रकान्यात लिहायचं मूळ वंश. बंदराकडचे, खोऱ्यातले, की बाकीचे. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहिलो, एकमेकांच्या दुकानांतून सामान आणलं, तरी बंदराकडचे वेगळ्या रक्ताचे आणि खोऱ्यातले वेगळ्या रक्ताचे, आणि काही आजार एकात जास्त दिसतात, काही दुसऱ्यात. ते जगात सगळीकडेच आहे, आमच्या कार्यालयाचा शोध नव्हे. का होतं ते मोठमोठ्यांनाही अजून पुरतं कळलेलं नाही. ते कळावं म्हणूनच हा रकाना.

आता गंमत अशी, की इस्पितळाच्या कागदावर हीच जागा निम्म्या वेळा कोरी असायची. वेदनेनं कळवळणाऱ्या माणसाला तुम्ही कुठल्या वंशाचे असं कोण विचारत बसणार? आमचे पहिले साहेब मोठे शिस्तीचे. त्यांनी नियम घालून दिला होता. कागदावर असेल तर शाईनं लिहा. नसेल तर आडनावावरून, पत्त्यावरून अंदाज करा, पण तो पेन्सिलीनं लिहा, म्हणजे नंतर इस्पितळाला विचारून शाई फिरवता येईल. सुंदर नियम होता. मी त्या नियमाच्या प्रेमातच पडलो होतो. टोकदार पेन्सिली मांडून ठेवायचो, त्यावरून कार्यालयात माझं नाव ‘टोकयंत्र’ पडलं, ते तुला सांगितलं नव्हतं कारण तू ते जन्मभर वापरलं असतंस. पण त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग, तो विचारून शाई फिरवण्याचा, तो कधी झालाच नाही. आज करू, उद्या करू. इस्पितळं फोन उचलायची नाहीत आणि मला फोनवर नीट ऐकू यायचं नाही. पेन्सिल पेन्सिलच राहिली.

आणि आडनावावरून तरी काय कळणार? आपलंच बघ. धंद्यावरून पडलेलं आडनाव, तसलं बंदराकडेही आहे आणि खोऱ्यातही आहे. अशी आडनावं ढिगानं. मग मी काय करायचो ते आता ऐक, आणि हसू नकोस. आडनावावरून कळलं नाही की मी आजार बघायचो. मायलोमा नावाचा एक रक्ताचा कर्करोग आहे. हाडांच्या आतल्या मगजात एका जातीच्या पेशी बेसुमार वाढतात, हाडं आतून पोखरतात, रक्त कमी होतं, मूत्रपिंडं दमतात. माझ्या आधीच्या कारकुनाच्या तक्त्यात हा आजार खोऱ्यातल्या लोकांत जास्त दिसत होता. म्हणून कोरा रकाना आणि मायलोमा असं जुळलं, की मी मागच्या वर्षीचा तक्ता काढून पाहायचो, हे खोऱ्यातल्यांचं दुखणं म्हणायचो आणि पेन्सिलीनं लिहायचो ‘खोरे’. पुढच्या वर्षी खोऱ्याचा आकडा आणखी मोठा. मग पुढच्या कोऱ्या रकान्याला तर प्रश्नच नाही. स्वतःच लिहायचं, स्वतःच वाचायचं आणि म्हणायचं, बघा, छापून आलंय! यात वाईट हेतू नव्हता, भिंगरे. साठ-साठ कार्डं साचलेली असायची, साहेब दारात उभे असायचे, आणि मला वाटायचं मी अनुभवानं सांगतो आहे.

पुढे कॉम्प्युटर आले. दोन महिने बसून मी सगळी जुनी कार्डं त्यात भरली. शाईचा ‘खोरे’ म्हणजे दोन आकडा, पेन्सिलीचा ‘खोरे’ म्हणजेही दोन आकडा. पेन्सिल कशी भरायची यासाठी त्यात जागाच नव्हती, आणि मीही कुणाला विचारलं नाही. त्यावरून तो रंगीत तक्ता निघाला. एक उंच निळा खांब खोऱ्यातल्यांचा आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याचा बुटका हिरवा खांब आपला. लोकसंख्या दोन्हींची साधारण सारखीच. साहेबांनी माझी पाठ थोपटली, प्रती छापल्या, आणि प्रांतातल्या प्रत्येक दवाखान्याला गुंडाळी करून मीच त्या टपालात टाकल्या. तुझ्या डॉक्टरीणबाईंची गुंडाळीही मीच बांधलेली असणार. तेव्हा त्यांना बोल लावू नकोस. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आकडेशास्त्राची एक मुलगी रुजू झाली. मुलगी म्हणजे तिशीची, पण मला आता सगळे मुलं-मुलीच वाटतात. चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत फिरते. ती एक दिवस म्हणाली, काका, जगात बाकी ठिकाणी या आजाराचा फरक दुप्पट-अडीचपट दिसतो, आपल्याकडेच पाचपट कसा? मी म्हणालो, आपल्याकडचं खोरं खोल आहे. ती हसली नाही. तिनं तळघरातून जुनी कार्डं वर आणायला सांगितली. मायलोमाची तीनशे बारा निघाली. खिडकीजवळ नेऊन ती एकेक कार्ड तिरकं धरून बघत होती, कारण तिरकं धरलं की शाई चमकत नाही आणि शिसं चमकतं. एकशे एकोणीस पेन्सिलीची. मला वाटलं होतं वीस-पंचवीस असतील. त्यानंतर तीन महिने ती फोन करत बसली, इस्पितळांना, घरांना, मुलाबाळांना. मी शेजारी बसून याद्या करून देत होतो. नव्वद जणांचा पत्ता लागला. मी ‘खोरे’ म्हणून लिहिलेल्यांतले एक्कावन्न जण आपले निघाले, बंदराकडचे.

म्हणजे फरक मुळीच नाही असं नव्हे. तो आहे, खोऱ्यातल्यांत हा आजार जास्त आहेच, जवळपास दुप्पट. पण पाचपट नाही, आणि आपल्यात ‘फार क्वचित’ तर मुळीच नाही. आणि दुसरं तिनं मला शिकवलं ते जास्त महत्त्वाचं. ती म्हणाली, काका, हा दर गर्दीचा असतो. हजार माणसं रांगेत उभी केली तर किती निघतील ते तो सांगतो. समोर बसलेल्या एका बाईच्या पाठीत काय आहे ते तो सांगत नाही. ते तपासूनच बघावं लागतं. एकतीस वर्षं मी आकड्यांत बसलो आणि हे मला पोरीच्या वयाच्या बाईनं चहा पिताना सांगावं लागलं. आम्ही दोघांनी जाऊन नव्या साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी लाल झाले, मग म्हणाले, तक्ते परत मागवा. पुढच्या आठवड्यापासून सगळ्या दवाखान्यांना पत्रं जाणार आहेत. बैल गेला आणि झोपा केला, असंच ते, पण करायला हवंच होतं. मला काढून टाकतील असं वाटलं होतं. टाकलं नाही. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय आणि त्या वर्षात सगळी पेन्सिल शाई करून दे म्हणाले. मीही हेच मागणार होतो.

इथवर वाचून तू म्हणशील, दादा, चूक झाली, कबूल केलीस, आता माझी सुई तेवढी कशाला? थांब. अजून एक कार्ड राहिलंय.

याद्या करताना त्या मुलीच्या हातात एक कार्ड आलं. ते तिनं तिरकं धरलं, मग सरळ धरलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यावर आपलं आडनाव होतं आणि आपला जुना पत्ता. अक्षर माझं. तिनं कार्ड माझ्यासमोर पालथं ठेवलं आणि चष्मा शोधायला बाहेर गेली, चष्मा डोक्यावरच होता. मग मीच उठून यादीत लिहिलं, बावन्न.

भिंगरे, आई हाड मोडून आणि मग न्यूमोनियानं गेली असं आम्ही तुला सांगितलं. हाड मोडलं ते खरं. न्यूमोनिया झाला तेही खरं. पण हाड मोडलं ते आतून पोखरलं होतं म्हणून. तिला मायलोमा होता. मला आणि बाबांना ते ती जायच्या आधी सहा आठवडे कळलं होतं.

तुला तेव्हा आठवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठायची बंदी केली होती. बाबा इस्पितळाच्या व्हरांड्यात माझं मनगट धरून म्हणाले, पोरीला कळता कामा नये, धक्क्यानं काही झालं तर दोघी जातील. मला ते पटलं. अजूनही पटतं. पण बाबा आणखीही एक म्हणायचे, ते मला तेव्हाही पटायला नको होतं. डॉक्टर काहीही सांगू देत, ते मान हलवत म्हणायचे, आपल्यात हा आजार नाही, यांची काहीतरी गफलत झालीय. माझ्याच कार्यालयाचा तक्ता ते मला ऐकवत होते. आणि मी, ज्यानं तो तक्ता बनवला, मी त्यांना धीर यावा म्हणून हो म्हणत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ती गेल्यावर सहा महिन्यांनी तिचा कागद माझ्या टेबलावर आला. घरच्या माणसाचा कागद आला तर तो शेजारच्या कारकुनाला द्यायचा, असा आमच्याकडे दंडक आहे. मी दिला नाही. मला तो दुसऱ्या कुणाच्या हातात बघवला नसता. वय अठ्ठावन्न, बाई, धंदा शिवणकाम. सगळं शाईनं लिहिलं. नववा रकाना कागदावर कोरा होता. मी शाईनं ‘बंदर’ लिहायला हवं होतं ना? मला कुठे अंदाज करायचा होता? जिनं मला बोट धरून धक्क्यावर बोटी मोजायला शिकवलं, तिचं मूळ मला आडनावावरून शोधायचं नव्हतं. पण मी पेन खाली ठेवलं, पेन्सिल घेतली आणि लिहिलं ‘खोरे’. का? पाच दिवस मी हेच शोधतो आहे. बाबांचं वाक्य कानात होतं म्हणून असेल. आपल्यात हा आजार नाही असं तक्त्यानं म्हणत राहावं, म्हणजे तो आपल्या घरात आलाच नव्हता असं मला वाटत राहील, म्हणूनही असेल. पोटच्या पोरानं आईला परक्यांच्या रकान्यात नेऊन बसवलं आणि वर तक्ता नीटनेटका दिसतो म्हणून शाबासकी घेतली. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी ज्या बुटक्या हिरव्या खांबाकडे बघून तुझी तपासणी खोडली, त्या खांबातून मी काढून टाकलेली एक बाई आपली आई आहे.

तुला सांगायचं राहूनच गेलं असं मी म्हणणार नाही. राहून छत्री जाते. मी सांगितलं नाही. भाची झाली तेव्हा तू अंगावर पाजत होतीस, म्हणून नाही. बाबा होते तोवर बाबांना दिलेला शब्द म्हणून नाही. बाबा गेल्यावर तू विचारलं होतंस, आईला शेवटी फार त्रास झाला का रे, आणि मी म्हणालो, झोपेतच गेली. तू माझा हात हातात घेतलास आणि मला वाटलं, इतकं बरं वाटलंय हिला, आता कशाला. खोटं बोलून जो हात हातात मिळाला तो मी अजून धरून बसलोय. तुला राग येणारच आहे. येऊ दे. फक्त आधी रक्त देऊन ये आणि मग राग काढ, मी कुठे पळून जात नाही.

आणि आता घाबरू नकोस. माझ्या टेबलावरून फक्त वाईटच बातम्या जातात, त्यामुळे माझी नजर बिघडलेली आहे हे मलाही कळतं. चार महिन्यांची पाठदुखी बहुतेक वेळा नुसती पाठदुखीच असते, विशेषतः दिवसाला दीडशे शर्ट इस्त्री करणाऱ्या बाईची. आईला झाला म्हणून मुलीला होतोच असं नाही. शक्यता थोडी वाढते, एवढंच, आणि ती थोडी म्हणजे खरंच थोडी. पण हे डॉक्टरांना माहीत असायला हवं, आणि ते त्यांना सांगू शकणारा माणूस एकटा मी उरलोय. रक्तातल्या प्रथिनांची तपासणी आणि लघवीची, एक सुई आणि एक बाटली. आणि समजा, समजाच, काही निघालं, तर आता आईच्या वेळेसारखं राहिलेलं नाही. तेव्हा दोन औषधं होती, आता डझनभर आहेत. माझ्याकडे बारा-बारा वर्षांपूर्वीची कार्डं आहेत, ती माणसं अजून फोन उचलतात. परवा एका बाईंनी आकडेवाल्या मुलीला फोनवरच झापलं, जिवंत आहे का म्हणून विचारता, मी पोहायला निघालेय!

सोबत आईच्या इस्पितळाच्या कागदाची प्रत जोडली आहे. ती डॉक्टरीणबाईंना दे. हे पत्र दाखवावंसं वाटलं तर तेही दाखव, मला लाज वाटणार नाही. वाटेल, पण चालेल. आईच्या कार्डावर मी शुक्रवारी शाई फिरवली. त्या मुलीनं आधी पेन्सिल खोडून दिली, कारण मी खोडलं तर कार्ड फाटेल अशी तिला भीती वाटली. मग मी ‘बंदर’ लिहिलं. अक्षर चांगलं आलंय. गुरुवारी सकाळच्या बसनं मी तुझ्याकडे येतोय, दोन दिवसांची रजा टाकली आहे. तोवर तू गेली नसलीस तर दोघं मिळून जाऊ, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते तू मला उजव्या कानात सांग.

आता एवढंच राहिलं, की बावीस वर्षं न सांगितलेलं मी याच आठवड्यात का सांगतो आहे. त्या मुलीनं कार्ड शोधलं म्हणून नाही. ते कार्ड मला दोन महिन्यांपूर्वीच दिसलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी गप्पच बसलो होतो. तुझ्या पत्रातल्या त्या विनोदाच्या ओळीनं मला उठवून बसवलं. आईचं शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी असायचं, आठवतं? शेवटच्या वर्षी तिला शिंक आली की ती यंत्र थांबवायची, उठायची आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी राहायची, मग शिंकायची. आपण दोघं हसायचो. तू म्हणायचीस, आई, घर पडेल. आणि ती म्हणायची, यंत्रावर बसणाऱ्याची पाठ नाही दुखणार तर काय नाक दुखणार? तुझं तेच वाक्य, तेच दोन हात, फक्त चौकटीच्या जागी टेबल. भिंगरे, या प्रांतातला प्रत्येक तसला कागद आधी माझ्याकडे येतो. मंगळवारपासून रोजचं टपाल फोडताना मी आधी आडनाव बघतो आहे. तुझा कागद माझ्या टेबलावर येण्याआधी माझा कागद तुझ्या हातात पडावा, म्हणून हे लिहिलं. आता ऊठ, शटर पूर्ण ओढ आणि जा.

तुझाच,
एका कानाचा दादा